भावाचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, तरी अटॅक का आला?

बडोद्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे:

"माझा भाऊ ४३ वर्षांचा, दांडिया बाजारात दुकान आहे. सिगारेट नाही, तंबाखू नाही, शुगर नाही. दरवर्षी लिपिड प्रोफाइल करायचा, शेवटचा एलडीएल १०४ होता. चार महिन्यांपूर्वी पहाटे हार्ट अटॅक आला, स्टेंट बसवला. नंतर डॉक्टरांनी लिपोप्रोटीन ए नावाची तपासणी करायला लावली, ती ११८ आली. मग मीही करून घेतली, माझी ९२ आहे. मी ३८ वर्षांची, एलडीएल १२६, बीपी आणि शुगर ठीक. आमचे काका ४६व्या वर्षी झोपेतच गेले. आई म्हणते, दुकानाच्या टेन्शनने झालं. वहिनी स्वतःला दोष देते की बाहेरचं खाणं बंद करायला हवं होतं. हा आकडा खाली कसा आणायचा? माझ्या ९ वर्षांच्या मुलीची तपासणी करू का? आणि यंदा गरबा खेळू की नको?"

ताई, आधी वहिनींबद्दल बोलते, कारण औषधांचं सगळं नंतरही सांगता येईल. आठवड्यातून एकदा खाल्लेल्या सेव-उसळीने ४३व्या वर्षी हृदयाची नळी बंद होत नाही. तुमच्या भावाचा ११८ हा आकडा तो आईच्या पोटात असतानाच ठरला होता. त्याने उकडलेल्या भाज्या खाल्ल्या असत्या आणि दुकान विकून टाकलं असतं, तरी तो जवळपास तेवढाच राहिला असता. हे वहिनींना वाचून दाखवा. माझ्याकडे अशा घरांतून येणाऱ्या बायका नवऱ्याच्या रिपोर्टपेक्षा स्वतःच्या स्वयंपाकाबद्दलच जास्त बोलतात. ते ऐकवत नाही.

आता लिपोप्रोटीन ए हा कण म्हणजे काय ते. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ती एकटी फिरू शकत नाही. यकृत तिला प्रथिनाच्या वेष्टणात बांधून पाठवतं. एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, हे असंच एक गाठोडं. लिपोप्रोटीन ए हेही त्याच जातीचं गाठोडं, फक्त त्याला बाहेरून आणखी एका प्रथिनाची लांब शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीत एकापुढे एक वेटोळी असतात. त्यांना क्रिंगल म्हणतात, स्कँडिनेव्हियातल्या पीळ घातलेल्या एका गोड पावावरून पडलेलं हे नाव. आपण दसऱ्याला फाफड्याबरोबर जी जिलबी आणतो ती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र बरोबर जमेल. कुणाच्या शेपटीत या जिलब्यांची माळ आखूड असते, कुणाची चाळीसहूनही लांब. ही लांबी सहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक ठरवतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. माळ आखूड असेल तर यकृत ते प्रथिन भराभर तयार करून बाहेर सोडतं, आणि रक्तात कण वाढतात. लांब असेल तर कमी. म्हणून एकाच गल्लीतल्या, एकच तेल खाणाऱ्या दोन माणसांत एकाचा आकडा ४ आणि दुसऱ्याचा १४० असू शकतो.

नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये हा कण शोधला. पुढे १९८७ मध्ये त्या शेपटीची रचना उलगडली, तेव्हा ती रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेन या प्रथिनाशी मिळतीजुळती निघाली. निसर्गाने हा कण कशासाठी घडवला याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. तो माणसात आहे, वानरांत आणि काही माकडांत आहे, आणि त्याच्यासारखाच एक कण अंगावर काटे असलेल्या, चेंडूसारखं मुटकुळं करून बसणाऱ्या त्या छोट्या प्राण्यात आहे ज्याला गुजरातीत शेळो म्हणतात. मधल्या बहुतेक प्राण्यांत नाही. मला हे नेहमी विलक्षण वाटत आलं आहे. ज्या माणसांत तो जवळजवळ शून्य असतो तीही निरोगी जगतात, म्हणजे त्याच्यावाचून शरीराचं काही अडत नाही.

वाढलेला असला की मात्र तो दोन ठिकाणी त्रास देतो. एक, हृदयाच्या नळ्यांत. एलडीएलसारखाच तो नळीच्या भिंतीत शिरतो, आणि शिवाय ऑक्सिडीकरण झालेली चरबी सोबत नेतो, त्यामुळे तिथे दाह होत राहतो. दोन, महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेत. तिथे वर्षानुवर्षं चुना साचून झडप आखडते. हा संबंध २०१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला. म्हणून असा आकडा असलेल्या माणसाच्या छातीत पुढे कधी स्टेथोस्कोपने जास्तीचा आवाज ऐकू आला, तर मी लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घेते.

"मग दरवर्षीचा रिपोर्ट नॉर्मल कसा?" तुमच्या भावाने हे नक्की विचारलं असेल. लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स असतात. लिपोप्रोटीन ए त्यात नसतो, तो वेगळा सांगावा लागतो. रिपोर्ट खोटा नव्हता. त्या कागदावर हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. आणखी एक बारकी गोष्ट: या कणातलं कोलेस्टेरॉल एलडीएलच्या आकड्यातच मोजलं जातं. म्हणजे भावाच्या १०४ मधला काही भाग खरं तर या कणाचाच होता.

याबाबतीत माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि मी ती विसरलेले नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक ३६ वर्षांचे गृहस्थ आले होते. वडील ४१व्या वर्षी गेलेले, म्हणून घाबरून आलेले. ईसीजी चांगला, स्ट्रेस टेस्ट चांगली, एलडीएल ११०. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुम्ही ठणठणीत आहात, उगाच काळजी करता." चौदा महिन्यांनी त्यांना अटॅक येऊन दाखल केलं गेलं. वाचले, पण हृदयाची ताकद अर्ध्यावर आली. पुढे लिपोप्रोटीन ए केला तो १३० च्या वर. वडिलांचं ते वय त्यांनी मला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तेव्हापासून पुरुष ५५ च्या आत आणि बाई ६५ च्या आत हृदयाच्या आजाराने गेल्याचं कळलं की मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे वंशावळ काढते. गोल बायकांचे, चौकोन पुरुषांचे, शेजारी वय. तुमची वंशावळ मी हे वाचतानाच काढली: काकांचा चौकोन, ४६, भावाचा, ४३, तुमचा गोल, त्याशेजारी वयाऐवजी ९२ हा आकडा. बोट वडिलांकडे जातं. वडिलांचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. ते हयात असतील तर त्यांची तपासणी झालीच पाहिजे, मग त्यांना त्रास असो वा नसो.

आता आकडा नीट वाचू या, कारण इथे फार गोंधळ होतो. काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. खंडेराव मार्केटमध्ये लिंबं किलोवर घ्यायची की नगावर, तसा हा फरक. मिलिग्रॅम म्हणजे वजन, नॅनोमोल म्हणजे नग. आणि शेपटीच्या लांबीप्रमाणे प्रत्येकाच्या कणाचं वजन वेगळं असल्याने एकाचं दुसऱ्यात अचूक रूपांतर होत नाही. ढोबळ मानाने नॅनोमोलचा आकडा दोन ते अडीच पट मोठा दिसतो. मागच्या वर्षी कारेलीबागेतल्या एक काकू रडत आल्या. पहिला रिपोर्ट ६२, तीन महिने लसूण आणि व्हिनेगर घेतल्यावर दुसरा १४८. लसणीने उलटं झालं असं त्यांना वाटलं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून आकड्यापुढची बारीक अक्षरं त्यांना वाचायला लावली. एकावर मिलिग्रॅम, दुसऱ्यावर नॅनोमोल. आकडा हललाच नव्हता. तुमचे ९२ आणि ११८ मी मिलिग्रॅम धरून चालले आहे, पण तुम्ही कागद काढून बघा. नॅनोमोल असतील तर तुमचा ९२ मधल्या पट्ट्यात येईल आणि माझं पुढचं बोलणं बरंच सौम्य होईल.

मोजपट्टी अशी: ३० मिलिग्रॅमच्या किंवा ७५ नॅनोमोलच्या आत असेल तर निश्चिंत. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोल आणि त्यापुढे असेल तर धोका वाढलेला. मधला पट्टा घरातला इतिहास आणि बाकीचे रिपोर्ट बघून ठरवायचा. आणि नाव नीट बघा. "ॲपोलिपोप्रोटीन ए-वन" ही वेगळीच तपासणी आहे. नावाच्या सारखेपणामुळे ती करून आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

जगात साधारण दर पाच माणसांत एकाचा आकडा ५० च्या वर असतो, आपल्या भारतीय उपखंडात दर चारांत एकाचा. अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातले याविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांत ५० च्या वर आकडा असेल तर पहिल्या हार्ट अटॅकचा धोका सुमारे दुप्पट दिसला. म्हणूनच कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी असं म्हटलं. उपाशीपोटी जायची गरज नाही. एकदा केली की बहुतेकांना पुरते, कारण आकडा वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसाइतका होतो आणि मग फारसा हलत नाही. मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड कमी असणं किंवा पाळी जाणं यांनी थोडा वर सरकतो. ताप-इन्फेक्शनमध्ये मात्र करू नका.

दुप्पट म्हटलं की छातीत धस्स होतं, म्हणून हेही ऐका. ३८ वर्षांच्या, सिगारेट न ओढणाऱ्या, बीपी-शुगर नसलेल्या बाईचा मुळातला धोका लहान असतो. लहान आकड्याची दुप्पट म्हणजे मोठा आकडा होत नाही. ११० आणि १२० घेऊन ऐंशी पार केलेली माणसं माझ्याकडे येतात, रोज कमाटीबागेत फेऱ्या मारतात. पण त्यातल्या जवळपास सगळ्यांच्या बाकीच्या गोष्टी ताब्यात आहेत. माझं म्हणणं इथेच आहे: तो एक आकडा हलत नाही, म्हणून त्याच्या शेजारचे सगळे आकडे हलवायचे.

तर "खाली कसा आणायचा" याचं सरळ उत्तर, घरी करून तो खाली येत नाही. लसूण, मेथी, जवस, व्हिनेगर, कारल्याचा रस, काही नाही. उलट तूप-लोणी कमी केल्यावर हा आकडा किंचित वर गेलेलाही दिसतो. त्याने घाबरू नका, कारण त्याच वेळी एलडीएल खाली येतो आणि हिशेब फायद्यातच राहतो. नियासिन नावाच्या जुन्या गोळीने तो कमी व्हायचा, पण २०११ आणि २०१४ च्या मोठ्या चाचण्यांत नियासिनने अटॅक कमी झाले नाहीत, त्रास मात्र वाढले. ती कुणी सुचवली तर नको म्हणा.

एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिन या गोळीबद्दल खूप रुग्ण भांडतात: "या गोळीने लिपोप्रोटीन ए कमी होत नाही, मग का घ्यायची?" बरोबर आहे, त्याने होत नाही, कधी थोडा वाढतोही. पण धोका एलडीएल आणि लिपोप्रोटीन ए या दोघांचा मिळून असतो. घराला दोन दारं आहेत, एकाची कडी मोडलेली आहे, म्हणून दुसरं उघडं टाकून कुणी झोपत नाही. तुमचा एलडीएल १२६ आहे. घरात असा इतिहास आणि ९२ हा आकडा धरून मी तो ७० च्या आत मागेन. तीन महिने खाणं, वजन आणि चालणं यांवर काम करून पुन्हा मोजा. ७० पर्यंत नुसत्या खाण्याने पोचणं अवघड असतं, म्हणून गोळीची तयारी मनाशी ठेवा. एक गोष्ट विसरू नका: अजून मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण गरोदरपणाच्या तयारीत स्टॅटिन सहसा बंद करतात. ॲस्पिरिन आपणहून सुरू करू नका. काहींना त्याचा उपयोग होतो, पण पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि ते माणूस समोर बसवून, तपासूनच ठरवायचं असतं. बीपी वर्षातून दोनदा मोजा.

भावाचं गणित वेगळं आहे, कारण त्याला अटॅक येऊन गेला. त्याचा एलडीएल ५५ च्या आत हवा. जास्त ताकदीचा स्टॅटिन, त्याला एझेटिमाइब या एलडीएल उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीची जोड, आणि तरीही आला नाही तर पीसीएसके-९ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं. ती महाग आहेत, पण ती एलडीएल निम्म्याहून कमी करतात आणि लिपोप्रोटीन ए सुद्धा साधारण पाव हिश्शाने उतरवतात. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चार महिन्यांनी बरं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्याच सुमारास माणसं गोळ्या सोडतात. दुकानाच्या गल्ल्यात एक पाकीट जास्तीचं ठेवायला सांगा.

खास या कणावरची औषधं चाचण्यांत आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आशा आहे. यकृताच्या पेशीत त्या शेपटीचा नकाशा घेऊन जाणारा निरोपच त्यातली बहुतेक अडवतात. पेलाकार्सेन महिन्यातून एकदा, त्याने आकडा सुमारे ८० टक्क्यांनी उतरतो. ओल्पासिरानच्या मोठ्या मात्रेने ९५ टक्क्यांहून जास्त. लेपोडिसिरानच्या एका मोठ्या मात्रेचा परिणाम कित्येक महिने टिकल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. मुव्हालाप्लिन ही तर रोजची गोळी आहे. आकडा उतरतो हे दिसलं. त्याने अटॅक कमी होतात का, हे बघायला हजारो रुग्णांवरच्या चाचण्या उभ्या केलेल्या आहेत, आणि माझ्या दृष्टीने खरा निकाल तोच. तोवर कुणी "लिपोप्रोटीन ए कमी करणारं" म्हणून डबा विकत असेल तर पैसे जपून ठेवा.

मुलीची तपासणी करा, घाईची नाही. पुढे कधी दुसऱ्या कारणाने रक्त काढायचं असेल तेव्हा यासाठीही थोडं काढून घ्या, सुई एकदाच टोचेल. तुमच्या त्या जनुकाची आकडा वाढवणारी प्रत तिच्याकडे गेली असण्याची शक्यता निम्मी. वाढलेला निघाला तरी या वयात त्यासाठी गोळी नसते. फक्त तिच्या साध्या लिपिड प्रोफाइलकडे, वजनाकडे आणि बीपीकडे वेळोवेळी लक्ष राहील, आणि मोठी झाल्यावर सिगारेटच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही हे तिला कारणासकट सांगता येईल. तिच्यासमोर "तुला हार्टचा आजार आहे" असं कुणी बोलू नका. आजार नाहीच. भावाच्या मुलांचीही याच रीतीने करून घ्या, आणि काकांची मुलं असतील तर त्यांना फोन करा. मला वाटतं त्यांनाच सर्वांत आधी करायला हवा. ४६व्या वर्षी झोपेत गेलेल्या माणसाच्या मुलांना आजवर कुणी काही सांगितलेलं नसेल.

गरबा खेळा. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना तरुण मुलं कोसळल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर दर भाद्रपदात माझ्याकडे हा प्रश्न येतो. वर्षभर बसून राहून पहिल्याच रात्री तीन तास नाचणं हे हृदयाला अवघड जातं, हे खरं. तुम्ही दीड-दोन महिने आधीपासून रोज ४० मिनिटं झपझप चाला, शेवटी जिने चढून बघा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा कारण नसताना दरदरून घाम आला तर थांबा. बायकांना हे कधी कधी नुसतं थकवा आणि मळमळ म्हणूनच जाणवतं, त्याला ॲसिडिटी समजून घरी बसू नका. भावाने यंदा बाहेर बसून टाळ्या वाजवाव्यात. त्याची स्ट्रेस टेस्ट झाल्यावर त्याचे डॉक्टर पुढच्या वर्षीचं ठरवतील.

आईंचं राहिलं. टेन्शनने झालं म्हणतात तेव्हा मुलाचं आपण काही करू शकलो असतो, हेच त्या स्वतःला सांगत असतात. त्यांना भावाच्या रिपोर्टवरचा ११८ दाखवा आणि हा जन्माबरोबर आलेला आहे एवढंच सांगा. वडिलांचा आकडा वाढलेला निघाला तर तो घरात सांगताना जपून, त्यांनाही तो त्यांच्या वडिलांकडून नाहीतर आईकडूनच आलेला आहे.

आणि मुलीचा आकडा आला की तिच्या लसीकरणाच्या कार्डामागे पेनने लिहून ठेवा: तारीख, आकडा, आणि पुढे मिलिग्रॅम की नॅनोमोल.